कुलपातलं मीठ

सायकल घरात आली त्या दिवशी आईने तिच्या हँडलला हळदकुंकू लावलं आणि मग विचारलं, "ही उभी कशी राहते?" नानांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, तिला स्टँड लावून दाखवला. "आणि चालताना?" नाना म्हणाले, "चालताना पडत नाही." आईला ते पटलं नाही. दोन चाकं एकामागे एक लावली तर वस्तू पडायलाच हवी, असं तिचं म्हणणं होतं, आणि ती पडत का नाही हे नानांना काही केल्या सांगता येईना. त्या संध्याकाळी आम्ही सगळे समुद्रावर गेलो. ओहोटीची वेळ होती, वाळू ओली आणि टणक होती. नाना पडत, उठत, पुन्हा बसत शिकले आणि आई सुरूच्या झाडाखाली उभी राहून चाकांकडेच बघत होती. परत येताना ती मला हळूच म्हणाली, "थांबली की पडते बघ. म्हणजे चालण्यातच काहीतरी आहे." आईचं शिक्षण मराठी दुसरीपर्यंत झालेलं. पण कुठलीही वस्तू हातात आली की ती आतून कशी आहे हे तिला बघायचं असे, आणि ती खोड तिने मला पुरती दिली.

आमचं घर नागावात, समुद्राकडे उतरणाऱ्या आळीत. मागे नारळी-पोफळीची लहानशी वाडी, वाडीत विहीर, विहिरीवर बैलाचा रहाट. त्या रहाटाची करकर सकाळी सुरू झाली की आम्हाला जाग येई, आणि ती मध्येच थांबली तर सगळं घर चमकून बघे, की बैलाला काय झालं. मागच्या पडवीत आई भाकऱ्या थापायची. तांदळाची भाकरी, वर सुकटीची चटणी आणि ठेचलेला पांढरा कांदा. ती चव आता कशालाच नाही. कांदा तोच, वाडीही तीच. कदाचित माझ्या दातांत फरक पडला असेल.

नाना देवी टोचायचं काम करीत. सरकारी नोकरी होती. अंगावर खाकी कोट, खांद्याला कातड्याची पिशवी. गावोगाव लोक त्यांना देवीडॉक्टर म्हणत, तोंडावर आदराने आणि पाठीमागे भीतीने. ते दिसले की बाया पोरांना घेऊन माजघरात शिरत. आज माझी नातवंडं माझ्या दंडावरचे गोल वण बघून विचारतात, "आजी, हे काय?" त्यांच्या दंडांवर काहीच नाही. देवी हा रोगच जगातून गेला, आता टोचावं लागत नाही. तेव्हा मात्र दर आळीत एखादा तरी वणांनी भरलेला चेहरा असायचा, आणि ज्या घरात देवी आली त्या घराच्या दाराला कडुनिंबाचा डहाळा लागायचा. तो डहाळा दिसला की आम्ही मुलं वाट बदलायचो.

लस मुंबईहून यायची. बारीक काचेच्या नळ्यांत, लाकडी डबीत ठेवून. ती उन्हाने खराब होते म्हणून नाना ओल्या वाळूच्या मडक्यात डबी पुरून ठेवीत आणि मडक्यावर ओला पंचा. कामाला निघताना तेच मडकं काथ्याच्या जाळीत घालून बरोबर. चालत असत तेव्हा ऊन चढेपर्यंत एखाद-दुसरं गाव व्हायचं. सायकलने ते पुष्कळ पुढे जाऊ लागले. भरतीच्या वेळा त्यांना तोंडपाठ होत्या. ओहोटीला वाळूवरून सरळ जायचे, कारण गावातून जाणारा रस्ता म्हणजे नुसते दगड.

सायकलची हौस आळीतल्या तरुण पोरांनाही होती. नाना दुपारी झोपले की पोरं ती घेऊन समुद्रावर जात. एकदा सायकल परत आली ती चाकांच्या तारांमध्ये शेवाळ अडकवून. मग नानांनी साखळी आणि पितळी कुलूप आणलं. कुलूप चांगलं मुठीएवढं, जड, त्याला दोन चाव्या. एक नानांच्या जानव्याला, दुसरी ट्रंकेत. रात्री सायकल ओटीच्या खांबाला लावायची, साखळी मागच्या चाकातून, दांड्यातून आणि खांबाभोवतून घ्यायची आणि कुलूप ठोकायचं. दिवसा साखळी-कुलूप सायकलच्या दांड्यालाच लटकलेलं. समुद्राचं पाणी उडायचं ते त्याच्यावरही उडायचं. पण तिकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

चैत्रातली सकाळ होती. नानांच्या टाचेला आदल्या दिवशी कालवाचा शिंपला लागला होता. आईने हळद बांधली होती आणि ते ओटीवर पाय पसरून चहा घेत होते. तेवढ्यात अंगणाबाहेरून हाक आली. "नाना हायेत का घरान?" कुंपणाबाहेर एक कोळीण उभी होती. गुडघ्यापर्यंत वाळू लागलेली, श्वास लागलेला. हिरू तिचं नाव. रेवदंड्याच्या खाडीपलीकडच्या कोळीवाड्यातली. कधीमधी ती आमच्याकडे सुकी मासळी घेऊन यायची म्हणून आम्ही तिला ओळखत होतो. पण त्या दिवशी तिच्या डोक्यावर पाटी नव्हती, आणि ती आत येत नव्हती.

"आत ये की," आई म्हणाली.

"नको वयनी. माज्या पोराला देवी आयल्यान."

नाना उठून उभे राहिले. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो तिच्या स्वतःच्या दंडाचा. हिरूने पदर सारून वण दाखवले. लहानपणी माहेरी टोचून घेतलं होतं तिने. "मग ये आत, आमच्या घरातले सगळे टोचलेले आहेत," नाना म्हणाले. पण ती कुंपणापाशीच बसली आणि तिने भराभरा सांगितलं. मुलाच्या अंगावर फोड आले होते. घरातल्या दुसऱ्या पोरांना टोचलेलं नव्हतं. नवऱ्यालाही नाही. आणि आज दुपारी पाणी चढलं की तिच्या थोरल्या दिराचा, पोशा तांडेलाचा मचवा समुद्रावर जायचा होता. तिचा नवरा त्याच मचव्यावर खलाशी. एकाच घरात वावरलेली सगळी माणसं त्या मचव्यावर आठ-पंधरा दिवस राहणार, बंदराबंदराला लागणार.

"त्यांना थांबव म्हणावं," आई म्हणाली.

"थोरला ऐकतो व्हय कुनाचं? तो म्हनतो, देवीआई घरान आयलीय, तिला सुई दाखवायची न्हाय."

नानांनी पंचा बाजूला करून मडक्यातली डबी बघितली. कोट घातला. जानव्याची चावी काढून कुलपाला लावली. चावी आत गेली, पण फिरेना. त्यांनी ती काढली, पुसली, पुन्हा घातली. कुलपात खोबरेल तेल ओतलं. तेल खाली गळलं, त्यांच्या धोतरावर. चावी जागची हलत नव्हती. नाना शांत माणूस, पण खाडीपलीकडे मचवा उभा आहे आणि आपल्या टाचेला पट्टी आहे, हे त्यांच्या डोक्यात असणार. त्यांनी सांडशी मागितली, चावीचं डोकं सांडशीत धरलं आणि जोर केला. बारीक कट् असा आवाज झाला. चावीचं डोकं सांडशीत आलं आणि बाकीची कुलपात राहिली.

मागे वाडीत रहाट करकरत होता.

"खांबच कापतो," नाना म्हणाले.

"आणि ओटी कशावर उभी राहील?" आई म्हणाली.

चाक काढावं तर साखळी दांड्यातूनही गेलेली. लोहार होता तो लग्नाला गेलेला. नानांनी पट्टी बांधलेला पाय जमिनीवर टेकून बघितला आणि चालत निघायची तयारी केली. पायरी उतरताना त्यांचा चेहरा आवळला. हिरू म्हणाली, "या पायानी तर खाडी गाठोसवर पानी भरल नाना."

मी कुलपापाशी बसले होते. मला त्या वेळी हिरूच्या मुलापेक्षा कुलपाचंच जास्त वाटत होतं, हे खरं आहे. तेरा वर्षांच्या मुलीचं मन तसंच असतं. काल संध्याकाळी उघडलेलं कुलूप आज उघडत नाही, म्हणजे रात्रीतून आत काय झालं? मी भोकाला डोळा लावला. काळोख. मग मी करंगळी भोकाच्या कडेने फिरवली आणि सवयीने तोंडात घातली.

"आई, खारट लागतंय."

आई वाकली. तिने स्वतःही बोट लावून चाखलं. मग ती नानांकडे बघून हसलीच. "अहो, मीठ धरलंय आत. मिठाला तेल ओतून काय होणार? फोडणीत मीठ टाकलं तर ते विरघळतं का कधी? नुसतं तडतडतं." नानाही त्या अवस्थेत हसले. आई आत गेली आणि चुलीवरचं आंघोळीचं कढत पाणी तांब्यात घेऊन आली. तिने कुलूप उलटं धरायला सांगितलं आणि धार सोडली. पाणी आधी तेलकट आलं, मग मळकट, मग पांढुरकं. ती तांब्यामागून तांब्या ओतत राहिली. मधूनमधून मी कुलूप बत्त्याने हलकेच ठोकत होते. वाळूचे कण पडायला लागले. कुलपाच्या आतून काहीतरी बारीक खुळखुळलं, तेव्हा मला इतका आनंद झाला की मी हिरूला ओरडून सांगितलं, "हलतंय गं आत!"

आता तुटलेला तुकडा काढायचा होता. आईची क्रोशाची सुई आत जाई, पण तिच्या टोकाला तुकडा लागत नव्हता, ती जाड होती. हिरू एवढा वेळ कुंपणापाशी होती ती आता उठून जवळ आली. तिने कमरेची चंची सोडली आणि आतून एक बारीक गळ काढला. "ह्यो चालतंय का बघ." नानांनी तो चुलीत लाल करून सरळ केला. टोकाचा काटा तेवढा तसाच ठेवला. माझी बोटं सगळ्यांत लहान, म्हणून तो माझ्या हातात आला. मी तो चावीच्या कडेने आत सरकवला, अर्धा वळवला आणि ओढला. सुटला. पुन्हा घातला. सुटला. हिरू माझ्या कानाशी म्हणाली, "वढू नको. लागला का वाईच थांब, मंग वढ." मी थांबले. काटा चावीच्या दात्यात बसला आहे हे बोटांना कळलं. मग हळूच ओढलं, आणि तो तुकडा ओला, चकचकीत असा माझ्या तळहातावर आला.

ट्रंकेतली दुसरी चावी नानांनी आणली, पण ते ती कुलपात घालेनात. "माझा हात आज बरा नाही," म्हणाले, आणि चावी माझ्यापुढे धरली. मी जोर केला नाही. थोडी डावीकडे, थोडी उजवीकडे, परत डावीकडे. आई वरून कढत पाणी सोडतच होती, माझी बोटं भाजत होती. दर खेपेला चावी मागच्यापेक्षा एखादा केस जास्त फिरत होती. आणि मग एकदम कुलपाची कडी आपण होऊन वर उडाली. मी दचकून मागे बसले. हिरू रडायला लागली.

नाना सायकल काढत होते तेव्हा आई म्हणाली, "सुमीला घेऊन जा."

"हिला? कशाला?"

"तुम्हाला बघून बाया पोरं लपवतात. हिला बघून निदान दार उघडतील. आणि मडकं कोण धरणार? या पायाने सायकल हाकाल का मडकं सांभाळाल?"

तेव्हा वयात आलेली मुलगी सायकलच्या मागे बसून समुद्रावरून जाणं म्हणजे आळीला महिनाभराचं बोलणं होतं. आईला ते ठाऊक नव्हतं असं नाही. पण तिने माझ्या मांडीवर मडकं ठेवलं, माझा पदर खोचला आणि दार लावून घेतलं. गडबडीत कुलूप माझ्याच हातात राहिलं, ते मी ओच्यात टाकलं. हिरू म्हणाली, "तुमी व्हा म्होरं, मी आलेच," आणि ती आमच्यामागून वाळूवरून धावत सुटली. थोड्या वेळाने मागे वळून बघितलं तर ती ठिपक्याएवढी झाली होती.

तो प्रवास मी किती वेळा आठवला असेल! ओल्या वाळूवर चाकांचा नुसता सर्र असा आवाज, डावीकडे सुरूची रांग, उजवीकडे दूर गेलेला समुद्र, आणि मांडीवर गार मडकं. लाल खेकडे आमची चाहूल लागली की बिळांत शिरत. मला वाटत होतं, ही वाळू संपूच नये. खाडीवर तरवाल्याने आम्हाला सायकलसकट होडीत घेतलं. पाणी चढू लागलंच होतं.

कोळीवाड्यात एका दाराला कडुनिंबाचा डहाळा होता. बाकीची दारं आम्हाला बघून लागली. सगळे पुरुष धक्क्यापाशी, मचव्यावर जाळी आणि पाण्याची पिंपं चढवत होते. पोशा तांडेल उंच, काळाभोर, डोक्याला लाल टोपी. त्याने नानांकडे बघितलं आणि काम न थांबवता म्हणाला, "डाक्तर, उगाच आलास. आमच्या घरान पावनी हाय. ती हाय तवर सुई न्हाय लागायची आमच्या आंगाला."

नाना समजावू लागले. हा रोग आहे, एकाचा दुसऱ्याला होतो, अजून वेळ गेलेली नाही. पोशा ऐकून घेत होता आणि मान हलवत होता. मी मडकं सावलीत ठेवायला वाकले, आणि माझ्या ओच्यातलं कुलूप खणकन दगडावर पडलं.

पोशाने वळून बघितलं. "ते काय गो?"

"सायकलचं कुलूप. सकाळी उघडतच नव्हतं."

"मंग? फोडलंव?"

"नाही. उघडलं."

तो माझ्याजवळ आला. त्याने ते हातात घेतलं, कडी दाबून बघितली, चावी फिरवून बघितली. "कसं उघडलंव?" मी सांगितलं. मीठ, कढत पाणी, गळ, सगळं. त्याने मध्येच विचारलं, "त्याल न्हाय?" मी म्हणाले, "तेलाने मीठ विरघळत नाही." मग तो मचव्यावर चढला आणि एक लाकडी पेटी घेऊन खाली आला. तिचं कुलूप गंजून मिठाने पांढरं पडलं होतं. "माज्या बापाची पेटी. कदीपासनं उघडत न्हाय. तोडायचा जीव व्हत न्हाय." त्याने कुणाला तरी आधण ठेवायला सांगितलं आणि तो जमिनीवर उकिडवा बसला, माझ्यासमोर, लहान मुलासारखा.

आम्ही दोघं पाणी ओतत बसलो. खलाशी भोवती जमले. कुतूहल ही अशी गोष्ट आहे की ती एका वस्तूवर थांबत नाही. एकाने नानांना विचारलं, मडक्यात काय आहे? नानांनी काचेची नळी उन्हात धरून दाखवली. एवढ्याशा पाण्याने काय होतं? टोचल्यावर ताप येतो का? हात चालतो का? जाळं ओढता येतं का? नाना एकेका प्रश्नाचं उत्तर देत होते, आणि मी पहिल्यांदाच ऐकत होते की ते समजावत नाहीत, नुसतं सांगताहेत. मला त्यांनी बोलावलं आणि मी दंडावरचे वण दाखवले. एक तरुण खलाशी म्हणाला, "पोरीला काय झालं न्हाय, तर मला काय व्हतंय?" तो हिरूचा नवरा निघाला. त्याने बाही वर केली. सगळ्यांनी पोशाकडे बघितलं. पोशा कुलपावरून मान वर न करता म्हणाला, "ज्याचा त्याचा हात. मला नका इचारू."

मग एकेक दार किलकिलं झालं. हिरू घामाने भिजून पोचली तोवर धक्क्यापाशी बायांची रांग होती आणि मी रडणाऱ्या पोरांच्या हातात आळीपाळीने ते पितळी कुलूप देत होते. कडी उडवून दाखवली की त्यांचं रडणं तेवढ्यापुरतं थांबायचं आणि नानांची सुई लागून जायची. पाणी भरलं. मचवा हलला. पोशाचं कुलूप काही उघडलं नव्हतं. तो पेटी उचलून घेऊन गेला आणि जाताना त्याने टोचून घेतलं नाही ते नाहीच.

हिरूचा मुलगा वाचला. त्याचा एक डोळा मात्र गेला. घरातल्या बाकीच्या पोरांना काही झालं नाही. मी त्यानंतर सुट्टीच्या दिवशी नानांबरोबर जाऊ लागले, आणि पुढे परिचारिकेचं शिक्षण घेतलं त्याची सुरुवात तिथेच झाली, असं लोकांना वाटतं. मला वाटतं, त्या सकाळी माझ्या डोक्यात माणसांपेक्षा कुलूपच होतं. माणसं नंतर आली.

मचवा परत आला त्यानंतर एका दुपारी पोशा तांडेल आमच्या अंगणात उभा राहिला. बरोबर कुणी नव्हतं. त्याने आईच्या पुढ्यात ताजे बोंबील ठेवले आणि ओटीच्या पायरीवर बसला. मी विचारलं, "उघडली पेटी?" तो म्हणाला, "उघडली. रोज आधण वतायचो." आत काय होतं ते मी विचारलं नाही, आणि त्याने सांगितलं नाही. बराच वेळ तो नानांशी वाऱ्याबद्दल, मासळीबद्दल बोलत राहिला. मग त्याने टोपी काढून मांडीवर ठेवली, बंडी खांद्यावरून उतरवली आणि दंड पुढे केला. नानांनी डबी उघडली.

"पोरी, हिकडं ये," पोशा मला म्हणाला. "तू धर माजा हात."

मी त्याचा हात दोन्ही हातांनी धरला. दोरखंडांनी घट्टे पडलेला, माझ्या मांडीएवढा हात. त्याने डोळे गच्च मिटून घेतले होते.